बावखल आमचं, सातबारा आमचा. मग 'सर्वांचं हित' मध्ये कुठून आलं?

वाडीवाला

नमस्कार मंडळी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं कुणी इथे असेल तर बरं, पण बाकीच्यांनीही सांगा.

आमची वाडी वडील आणि दोन काका यांच्या सामाईक नावावर आहे. खालच्या अंगाला बावखल आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीसारखं बांधीव नसतं, काठ उतरते असतात. पूर्वी त्यावर रहाट चालायचा आणि त्या पाण्यावर केळी, पानवेल, मोगरा सगळं पिकायचं. आता रहाट गेला, पानवेल गेली. राजेळी केळीची थोडी झाडं उरलीत ती आजीच्या हट्टापायी, तिला सुकेळी (सुकवलेली केळी) घरचीच लागतात. पाण्यावर जलपर्णी माजलीय, संध्याकाळी डास. धाकट्या काकांच्या मुलाला तिथे भराव टाकून घर बांधायचंय. त्याचंही काही वावगं नाही. लग्न ठरलंय, घरात जागा नाही आणि स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायची ऐपत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या छोट्या समूहाची बैठक होती. बायबलवाचन झालं, चहा आला आणि कुणीतरी विषय काढला. एकाने 'लाउदातो सी'चा, म्हणजे पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या परिपत्रकाचा, हवाला दिला, दुसऱ्याने 'सर्वांचं हित' म्हटलं, तिसऱ्याने २०१८ च्या जुलैचा पूर आठवून दिला. सगळ्यांचं मत एकच, बुजवू नका, पाणी आमच्या ओट्यावर येईल. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांच्या बावखलावर आज भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत, ते मला शिकवणार?"

आणि ते खरंच आहे. आळीतली बाकीची बावखलं एकेक करून गेली. ज्यांनी बुजवली त्यांना महिन्याला भाडं येतं. आम्ही आळस केला म्हणा किंवा आजीने बुजवू दिलं नाही म्हणा, आमचं तेवढं राहिलं. म्हणून आता गावाचं हित आमच्या एकट्याच्या अंगावर.

दोन प्रश्न आहेत. चर्चची शिकवण खासगी मालमत्ता मानते की नाही, सरळ सांगा. आणि बहुसंख्यांची गैरसोय नको म्हणून एका घराने गप्प बसायचं, याला हित म्हणायचं का? मी पवईला सॉफ्टवेअरमध्ये आहे, धर्मशास्त्र वाचलेलं नाही. प्रवचन नको, ते रविवारी मिळतं.

मोजणीदार

धर्माचं धर्मवाले सांगतील. मी कागदाचं सांगतो.

सामाईक नाव आहे म्हणजे चुलतभाऊ एकटा भराव टाकू शकत नाही, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागेल. घर बांधायला बांधकाम परवानगी वेगळी. कुणी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल दाखवून घाबरवेल. तो गावाच्या सार्वजनिक तळ्यावरच्या अतिक्रमणाबद्दल आहे, ती जमीन ग्रामपंचायतीची होती. तुमची खासगी आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण नैसर्गिक वाहतं पाणी अडवून शेजाऱ्याचं नुकसान केलंत तर दावा लागू शकतो. एवढंच.

निवृत्त_बाई

वाडीवाला, तुला अरेतुरे करते, शाळेची सवय सुटत नाही. मी तुझ्या बाजूच्याच पट्ट्यातली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मानते, ठणठणीत मानते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. त्यात कामगाराची बाजू घेतली म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण सगळी मालमत्ता सामाईक करा म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यातच ठाम नकार दिलाय. काटकसर करून मजुराने जमिनीचा तुकडा घेतला, तर तो तुकडा म्हणजे त्याची मजुरीच, फक्त रूप बदललेली, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच्या सहाशे वर्षं आधी संत थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकीची तीन कारणं दिली होती. आपल्या वस्तूची माणूस जास्त काळजी घेतो, कुणी काय बघायचं याचा घोळ होत नाही, आणि माणसं शांततेने राहतात. पहिली दोन आपल्या आजोबांनाही ठाऊक होती, बारभाईची खेती काय लागेल हाती. तिसऱ्या कारणावरून मात्र वाटतं की थॉमस महाराजांनी वसईच्या कोर्टात भाऊबंदकीच्या तारखा पाहिल्या नसाव्यात.

पण थॉमस तिथेच पुढचं वाक्य टाकतात आणि ते वाक्य बैठकीत कुणी सांगत नाही. सांभाळायची आणि व्यवहाराची मालकी तुझी. वापराच्या बाबतीत मात्र ती वस्तू सर्वांची असल्यासारखी धर, गरज पडलेल्याला द्यायला तयार राहा. १९८७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेच आणखी रोखठोक सांगितलं: खासगी मालमत्तेवर समाजाचं गहाण असतं. तू सातबारा पाहिला असशीलच. वर नाव तुझ्या वडिलांचं, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. बोजा आहे म्हणून जमीन बँकेची होत नाही, आणि नाव वडिलांचं आहे म्हणून बोजा पुसला जात नाही. तुझ्या बावखलावर पावसाच्या पाण्याचा असा बोजा आहे, तलाठ्याने नोंदवला नसला तरी. आपली जमीन रेताड. वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बावखलात मुरणारं पाणी त्या गोड्या थराला धरून ठेवतं. ते थांबलं आणि पंप चालूच राहिले, तर विहिरी मचूळ होतात, शेजाऱ्याचीही आणि तुझीही. पाणी हिस्सेवाटप जाणत नाही.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त चांगला आहे. तुझ्या आळीने जे सांगितलं ते मला तरी सर्वांचं हित वाटत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजात जी व्याख्या आहे तिचा आशय असा: समाजजीवनातली अशी सगळी परिस्थिती, जिच्यात माणसं आणि त्यांचे गट आपापलं जीवन पूर्णत्वाला नेऊ शकतील. गट तर आलेच, पण त्यांतला एकेक माणूसही आला. म्हणजे ही बेरीज नाही. वीस घरांचा फायदा उणे एका घराचा तोटा, बाकी एकोणीस, म्हणून पुढे चला, हा हिशेब इथे चालत नाही. तो हिशेब शुभवर्तमानात एकाने मांडलाय, योहान अध्याय अकरा काढून बघ. सगळं राष्ट्र नष्ट होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरणं बरं. बोलणारा कयफा, प्रमुख याजक. तेव्हा बैठकीत कुणी 'सगळ्यांसाठी तुम्ही एवढं सोसा' म्हटलं की वाक्य कुणाचं आहे ते आठव.

तर मग? बावखल राखायचं, आणि राखण्याचा भार आळीने वाटून घ्यायचा. ज्यांनी बुजवली त्यांनी जास्त घ्यायचा, कारण त्यांच्या वाटचं पाणीही आता तुमच्याच बावखलात उतरतं. गाळ काढणं, जलपर्णी ओढणं, डासांसाठी गप्पी मासे सोडणं हे आळीचं काम. आणि तुझ्या चुलतभावाचं लग्न हाही सर्वांच्या हिताचाच भाग आहे, ते बाजूला ठेवून कुणी 'लाउदातो सी' वाचत असेल तर पान उलटं धरलंय. वाडीच्या वरच्या अंगाला त्याला जागा निघते का? तिथे गाडी जायला वाट नसेल, तर वाट शेजाऱ्याच्या कुंपणातून काढावी लागेल. मग त्या शेजाऱ्याने कुंपण मागे घ्यावं. त्याचं सर्वांचं हित तिथे मोजता येईल, फुटाच्या पट्टीने.

हे वरून कुणी येऊन करायचं नाही. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी लिहून ठेवलंय की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने हिसकावून घेणं हा अन्याय. मोठ्याने आधार द्यावा, गिळू नये. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावं रस्त्यावर का आली हे ज्याला कळत नाही त्याने हा परिच्छेद वाचावा. त्याच्याही कितीतरी आधी, १९१८ साली, मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथे सहकारी पतसंस्था काढली, आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठवायचं तर रोमहून किंवा मुंबईहून पैसे येण्याची वाट बघून चालणार नव्हतं. माझ्या वडिलांनी पहिला पंप त्याच बँकेच्या कर्जाने घेतला. आता त्या पंपांनीच पाणी किती खाली नेलं हा वेगळा विषय, त्यात शिरले तर रात्र होईल.

घंटा_वाजली

बाई, छान लिहिलंत, पण वाचून थोडं हसू आलं. एका धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये, नाव घेत नाही) चर्चच्या आवारातली जुनी चिंचेची झाडं काढून पेव्हर ब्लॉक बसवले. का, तर रविवारी गाड्या लावायला जागा नाही. पहिल्या पावसात आवाराचं पाणी रस्त्यावर आणि रस्त्याचं शेजारच्या घरांत. त्याच वर्षी निसर्गरक्षणावर प्रदर्शन, थर्माकोलमध्ये. परिपत्रकं गरिबांनी पाळायची, आवार मात्र चकाचक हवं. वाडीवाल्याच्या वडिलांचं मला पटतं.

सोपारा_पूर्व

मी ख्रिस्ती नाही, मूळ कणकवलीकडचा, राहतो नालासोपारा पूर्वेला. सहज वाचत होतो, पण राहवलं नाही.

तुमच्या चर्चेत 'सर्व' कोण हे मला कळत नाहीये. आमच्या चाळीत वर्षानुवर्षं टँकरचं पाणी यायचं. नंतर सूर्या धरणाचं आलं, तेही उन्हाळ्यात एक दिवसाआड, कधी त्याहून कमी. ते टँकर कुठून भरायचे? तुमच्या पश्चिमेच्या विहिरींवरून. तुम्ही मोर्चे काढलेत टँकर बंद करा म्हणून. तुमच्या विहिरी खाऱ्या होत होत्या, मान्य. पण आम्ही ते पाणी हौसेने विकत घेत नव्हतो. तुमच्या सर्वांमध्ये आम्ही येतो का?

आणि दुसरं. २०१८ ला मी नालासोपाऱ्यात नव्हतो, पश्चिमेला एका गावात भाड्याच्या खोलीत होतो, अगदी ही चर्चा चाललीय तसल्या. बुजवलेल्या तळ्यावर बांधलेली ओळ, रस्त्यापेक्षा खाली. रात्री पाणी शिरलं. कॉटवर शेगडी, शेगडीवर पोराचं दप्तर. वीज नाही, लोकल बंद. मालकाचं घर जोत्यावर होतं, त्यांच्या पायरीला पाणी लागलं. त्यांच्या घरातून आम्हाला भाकरी आणि चहा आला, ते विसरणार नाही. पण बैठक झाली असेल तर तिला आम्हाला कुणी बोलावलं नाही.

वाडीवाले, तुमच्या आळीतल्या त्या खोल्यांमध्ये कोण राहतं? बैठकीला होते का ते?

निवृत्त_बाई

घंटा_वाजली, चिंचेबद्दल तुमचं सगळं खरं. आमच्याकडेही तोच बेत होता. मी लेखी अर्ज दिला की आवाराचा उताराकडचा भाग मातीचाच ठेवा, आणि धर्मग्राम परिषदेत त्यावर दोन तास वाद झाला. अर्धं आवार मातीचं राहिलं. गाड्या उन्हात उभ्या राहतात, लोक मिस्सा संपल्यावर कुरकुरतात, कुरकुरू देत. पण चर्चने चूक केली म्हणून वाडीवाल्याच्या शेजाऱ्याच्या विहिरीत गोडं पाणी येईल असं थोडंच आहे?

सोपारा_पूर्व, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि तो आधीच यायला हवा होता. होय, तुम्ही येता. १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रिस' लिहिलं, ते फक्त कॅथॉलिकांना नव्हे, सदिच्छा बाळगणाऱ्या सगळ्यांना उद्देशून. त्यात सर्वांच्या हिताची हद्द थेट सगळ्या मानवजातीपर्यंत नेली आहे. मग नालासोपारा काय लांब आहे, मधे तर फक्त रेल्वेचे रूळ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. त्यात मागणी नियोजनाची होती. आधी धरणाचं पाणी, रस्ते, गटारं, मग इमारती. ती मागणी तुमच्याही बाजूची होती, कारण ज्या बिल्डरने पाण्याशिवाय चाळ विकली त्याने फसवलं ते तुम्हाला. गावांगावांतल्या काही भाषणांत मात्र 'बाहेरचे' हा शब्द सैल सुटायचा, आणि टँकर भरून विकणारे आपलेच गाववाले होते हे हळू आवाजात सांगितलं जायचं. फादरांना दहशतीला तोंड द्यावं लागलं ते टँकर आणि जमिनीच्या धंद्यातून पैसा करणाऱ्यांकडून, पाणी पिणाऱ्यांकडून नव्हे.

भाडेकरूंना बैठकीला न बोलावणं हे तर व्याख्येतच बसत नाही. पाणी पहिल्यांदा ज्याच्या घरात शिरतं त्याला वगळून पाण्यावर चर्चा करणारे फक्त ओटेवाले असतात.

वाडीवाला

सगळ्यांचे आभार. मध्ये बरेच दिवस गेले, म्हणून एकदम लिहितो.

सोपारा_पूर्व, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नव्हते. छोटा समूह म्हणजे आमची कॅथॉलिक घरं, खोल्यांत राहणारे जव्हारकडचे आणि उत्तरेकडचे. पुढची बैठक मी घरात घेऊच दिली नाही, आमच्या खळ्यात घेतली आणि खोल्यांमध्ये स्वतः जाऊन सांगितलं. आई म्हणाली, प्रार्थनेचं काय? प्रार्थना आधी केली, ज्यांना थांबायचं ते थांबले. खोल्यांतल्या एका बाईंनी जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या बाजूचा जुना पाट पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलाय, आणि आमच्या बावखलाकडे जाणारं पाणी त्यामुळे आधी त्यांच्या मोरीतून वर येतं. म्हणजे बावखल राहून भागत नाही, त्याच्यापर्यंत पाणी यायला वाट हवी. पाट कुणाच्या हद्दीत? ज्याने बैठकीत सगळ्यात मोठ्याने 'लाउदातो सी' म्हटलं होतं त्याच्या.

बाई, बोज्याचं वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बोजा आहे तर हप्ता सगळ्यांनी भरावा." मग त्यांनीच कागदावर लिहून काढलं: गाळ काढायचा खर्च घरटी, खोल्या असणाऱ्यांनी खोलीमागे वेगळा, भाडेकरूंकडून काही घ्यायचं नाही. बहुतेकांनी मान डोलावली. दोन घरांनी साफ नकार दिला, "आमचं पाणी नगरपालिका बघेल." त्यातल्या एकाशी आजीचं बोलणं बंद आहे. पाटवाला मात्र तयार झाला, ब्लॉक उचलून जाळी टाकतो म्हणाला. टाकेल तेव्हा खरं. जलपर्णी आम्ही पोरांनी एका रविवारी ओढली, काठावर अजून पडलीय, वास मारतेय, तिचं खत करायचं का यावर काकांचे आणि वडिलांचे दोन पक्ष.

चुलतभाऊ वरच्या अंगाला घर बांधायला तयार आहे, पण त्याला लेखी हवं. त्याचं बरोबर आहे, उद्या काकांचं मन बदललं तर. आणि शेजारी वाटेसाठी कुंपण मागे घ्यायला 'बघू' म्हणतोय.

मोजणीदार, आता तुमचं काम. आधी काका-वडिलांमध्ये वाटप करायचं की थेट चुलतभावाच्या हिश्श्याची मोजणी? आणि वाटेचं तोंडी चालेल का?

मोजणीदार

वाटेचं तोंडी अजिबात नको. शेजारी आज चांगला, उद्या त्याचा मुलगा विकेल. वहिवाटीच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करा, रुंदी आणि नकाशासकट.

वाटप आधी. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज, मग पोटहिस्सा मोजणी. तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा कायदा) अडकताय का ते अर्जाआधी तपासा. आणि वाटप करताना बावखल कुणा एकाच्या हिश्श्यात टाकू नका, तिघांच्या सामाईकच ठेवा. एकाच्या नावावर गेलं की पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा इथे याल. मोजणीच्या दिवशी पाटही दाखवून घ्या, नकाशावर आला तर बरं.